पायलट जावयाचं धोंड्याचं जेवण

मधुसूदन जिंतूरकरने गेला महिनाभर टूथपेस्टला हात लावला नव्हता. सिडकोतल्या घराच्या मागच्या बोळीत उभा राहून तो रोज सकाळी कडुनिंबाच्या काडीने दात घासायचा आणि थुंकता थुंकता नशिबाला दोन शिव्या द्यायचा. अत्तर बंद, दाढीनंतरचं लोशन बंद, खोकल्याचं औषध बंद. कारखान्यात कुणी सॅनिटायझरची बाटली पुढे केली की हा हात पाठीमागे लपवायचा. शेवटी शेजारच्या आशाबाईंनी त्याच्या बायकोला, कालिंदीला, बाजूला घेऊन विचारलं, की तुमच्या मिस्टरांनी कुणा बुवाची दीक्षा घेतली की काय. कालिंदी म्हणाली, "दीक्षा नाही हो. त्यांना विमान चालवायचंय."

ह्याचा खुलासा करायला हवा. मधुसूदन पायलट होता. होता म्हणजे, गेलेल्या माणसाबद्दल आपण 'फार भला होता' म्हणतो ना, तसा होता. तरुणपणी रीतसर शिकून त्याने व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स काढलं, एका छोट्या कंपनीची विमानं काही वर्षं चालवली, त्या जोरावर पैठणच्या श्रीनिवासराव गुरुजींची मुलगी मिळवली, आणि अंगावरची हळद उतरते न उतरते तोच कंपनी बसली. पाठोपाठ करोना आला. विमानंच उभी, तिथे पायलटला कोण विचारतो? त्या धबडग्यात लायसन्सची मुदतही संपून गेली. आता मधुसूदन वाळूजच्या एका कारखान्यात भांडारपाल होता. लोकांना नटबोल्ट काढून द्यायचा. पण पैठणच्या गल्लीत तो अजूनही 'पायलट जावई' होता आणि घराच्या दारावर 'कॅप्टन मधुसूदन जिंतूरकर' अशी पितळी पाटी होती. पाटी सासऱ्यांनी हौसेने करून आणलेली, त्यामुळे ती काढायचीही सोय नव्हती. येताजाता मधुसूदन तिच्याकडे बघायचं टाळायचा.

अशात एका चार्टर कंपनीतल्या जुन्या मित्राने त्याला सांगितलं, की लायसन्स चालू करून आण, तुझ्यासाठी जागा धरून ठेवतो. मधुसूदन कामाला लागला आणि पहिल्याच दिवशी त्याला कळलं की मधल्या काळात सगळे नियम बदललेत. पूर्वी अर्ज केला, डॉक्टरला छाती दाखवली की भागायचं. आता मेडिकल, त्यानंतर लेखी परीक्षा, रेडिओची वेगळी परीक्षा, शिक्षकासोबतची उड्डाणं, आणि सगळ्यात शेवटी वरून आलेल्या तपासनिसाच्या शेजारी बसून परीक्षेचं उड्डाण. आणि ह्या प्रत्येकाला आपापली मुदत. परीक्षेचा निकाल लागेतो मेडिकल शिळं व्हायचं. मेडिकल पुन्हा करावं तर उड्डाणं जुनी व्हायची. एक कागद शुद्धीवर आणावा तर दुसऱ्याने मान टाकलेली, असा हा दवाखाना दीड वर्ष चालला होता.

अखेर ऑगस्टात सगळे कागद एकाच वेळी जिवंत असलेला एक आठवडा उगवला, आणि तपासनिसाची तारीखही नेमकी त्याच आठवड्यातली मिळाली. त्या सकाळी उड्डाण झालं तर मधुसूदन पुन्हा पायलट. नाही झालं तर सगळं पहिल्यापासून, आणि मित्राने धरलेली जागा दुसऱ्या कुणाची. मधुसूदन चाळिशीला टेकला होता. पुन्हा पहिल्यापासून करण्याइतकी धुगधुगी आपल्यात उरलेली नाही, हे त्याला माहीत होतं, आणि त्याने ते कालिंदीला सांगूनही टाकलं होतं.

"ह्या वेळी नाही जमलं तर ती पाटी मी स्वतःच्या हाताने काढीन," तो म्हणाला.

आता कडुनिंबाच्या काडीचं. विमानाला हात लावायच्या आधी पायलटला एका यंत्रात फुंकावं लागतं. यंत्राने शून्य दाखवलं तर विमान, नाहीतर घर. शून्याच्या पुढे कणभरही चालत नाही. आणि चूळ भरायच्या रंगीत पाण्यातसुद्धा अल्कोहोल निघतं म्हणून पायलट लोकांना तेही मना. मधुसूदन आयुष्यात दारूच्या वाटेला गेला नव्हता, पण नशिबावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. त्यामुळे वास येईल अशी एकूण एक वस्तू त्याने घराबाहेर काढली. शत्रू बाहेरून येणार अशी खात्री असलेला माणूस पुढचं दार लावत बसतो आणि मागचं उघडं राहतं, तसं त्याचं झालं.

कारण ते वर्ष अधिक श्रावणाचं होतं. अधिक महिना तीन वर्षांतून एकदा येतो आणि त्या महिन्यात जावयाला बोलावून धोंड्याचं जेवण घालतात. धोंडे म्हणजे कणकेत पुरण भरून केलेले गोळे, तुपात बुडवून खायचे. तेहतीस धोंड्यांचं वाण द्यायचं, वर दिवा लावायचा, जावयाला नारायण समजून ओवाळायचं. नारायणाने नाही म्हणायची पद्धत नाही. कालिंदीची आई अंबिकाबाई महिनाभर रोज फोन करत होत्या आणि कालिंदी रोज पुढचा वार सांगत होती. होता होता महिना सरत आला. अवसेला परीक्षेचं उड्डाण, आणि त्याच्या आदल्या दिवशी स्वातंत्र्यदिनाची सुट्टी, एवढाच काय तो वार हातात राहिला.

कालिंदीने शेवटचा प्रयत्न म्हणून आईला सांगितलं, की उड्डाण होऊन जाऊ दे, मग निवांत येतो, धोंडे काय निज श्रावणातही खाता येतात.

"मागचा अधिक करोनात गेला," अंबिकाबाई म्हणाल्या. "आता हा बी सुका घालवायचा व्हय? आधीच अवसेला विमानात बसायलेत, त्यात नारायणाला उपाशी ठेवून पाठवू? मला बाई झोप लागायची नाही."

स्वातंत्र्यदिनी दोघं पैठणला गेली.

अंबिकाबाईंनी मागचा आणि हा असे दोन्ही अधिक एकाच ताटात फेडले. मधुसूदनने तिसऱ्या धोंड्याला हात आडवा धरला. तेव्हा शेजारून आलेल्या साळूबाई म्हणाल्या, की आमच्या जावयाने करोनाआधीच्या अधिकात नाही म्हटलं आणि वर्षाच्या आत त्याची बदली गडचिरोलीला झाली. मधुसूदनने हात काढून घेतला. कटाची आमटी झाली, भजी झाली, अनारसे झाले, आणि दर वाढणीला तूप होतंच. घास गिळताना तो उद्याच्या उड्डाणाची उजळणी करत होता. दुपारी तो उठला तेव्हा त्याला कंबरेतून वाकता येत नव्हतं आणि जावयाला दिलेलं धोतर गुंडाळून घ्यायला पोट आडवं येत होतं.

श्रीनिवासराव गुरुजी, म्हणजे कालिंदीचे नाना, त्याच्याकडे मायेने बघत होते. नाना मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. पैठणात त्यांना ओळखत नाही असा माणूस नाही, आणि त्याचं कारण शाळा नव्हे. गल्लीच्या तोंडाशी दारूचं दुकान होतं, ते त्यांनी मोर्चे काढून, उपोषणाला बसून उठवलं होतं. दारूबंदी समितीचे ते आजतागायत अध्यक्ष. लग्नाच्या वऱ्हाडात कुणी 'घेऊन' आल्याचा संशय आला तरी नाना पंगतीतून उठून जायचे. विमानाआधी यंत्रात फुंकावं लागतं हे कळल्यावर त्यांना जावयाच्या धंद्याबद्दल प्रथमच मनापासून आदर वाटला. "असं एक यंत्र समितीला पाहिजे होतं," असं ते दोनदा म्हणाले. उद्याचं उड्डाण बघायला येणार म्हणून त्यांनी पिशवी भरून तयार ठेवली होती.

मधुसूदनचा चेहरा पाहून अंबिकाबाई आतून एक बाटली घेऊन आल्या. त्यांचं माहेर खुलताबादचं, वडील वैद्य. त्यांच्या हातची विद्या म्हणून त्या दरवर्षी कोरफडीचं आसव घालायच्या. बरणीचं तोंड कापडाने बांधून, चिखलाने लिंपून ती ज्वारीच्या कणगीत महिनाभर पुरून ठेवायची, मग गाळून बाटल्या भरायच्या. नाना रोज रात्री जेवणानंतर त्यातलं झाकणभर घ्यायचे. त्यांची पचनशक्ती आणि शांत झोप ह्यांचं गल्लीत कौतुक होतं.

मधुसूदनने सवयीने विचारलं, की ह्यात काय काय असतं.

"कोरफड, गूळ, मध, हिरडा, धायटीची फुलं," अंबिकाबाई म्हणाल्या. "रात्री जेवल्यावर एक झाकण. एकच बरं का."

तरीही त्याने बाटली हातात घेतली नाही. तेव्हा नाना म्हणाले, "मधुसूदनराव, मी तीस वर्षं घ्यायलोय. मी. ह्याच्यापुढं तुम्हाला अजून काय पाहिजे?"

खरंच, ह्याच्यापुढे काय पाहिजे? दारूबंदी समितीचा अध्यक्ष तीस वर्षं जी वस्तू घेतो तिच्याबद्दल शंका काढायची म्हणजे सासऱ्याच्या चारित्र्यावर शिंतोडे. टूथपेस्टवर विश्वास न ठेवणाऱ्या मधुसूदनने त्या बाटलीवर डोळे मिटून विश्वास ठेवला. त्या रात्री नानांसह सिडकोतल्या घरी परतल्यावर त्याने एक झाकण घेतलं आणि त्याला फार दिवसांनी गाढ झोप लागली.

सकाळी मात्र पोट पुन्हा दगडासारखं. उड्डाण होतं फर्दापूरच्या पुढे, अजिंठ्याचा घाट उतरल्यावर लागणाऱ्या माळावरच्या एका फ्लाइंग क्लबात. गाडी कालिंदी चालवत होती. घरात चालू लायसन्स असलेली ती एकटीच. मधुसूदन तिच्या शेजारी पट्टा सैल करून बसला होता आणि मागे नाना मांडीवर बाटली धरून. फुलंब्रीच्या अलीकडे मधुसूदनने सांगितलं, की वर गेल्यावर हवा विरळ होते आणि पोटातला वायू फुगतो, त्यामुळे आपलं आज कसं होणार देव जाणे. हे शास्त्र नानांना नवीन होतं. त्यांनी ताबडतोब एक झाकण पुढे केलं. सिल्लोडला दुसरं झालं. गोळेगावच्या पुढे रस्त्याने हाडं खिळखिळी केली, म्हणून तिसरं. घाटात नानांना स्वतःलाच मळमळलं, तेव्हा दोघांनी एकेक घेतलं. कालिंदी म्हणाली, "आई एकच म्हणाली होती."

"ते साध्या जेवणाला," नाना म्हणाले. "हे दोन अधिकांचं जेवण आहे."

घाट उतरताना मधुसूदनला बरं वाटायला लागलं. पोटाचा दगड हलका झाला. बाहेर कपाशी हिरवीगार दिसत होती. त्याने खिडकीची काच खाली केली आणि कितीतरी दिवसांनी गुणगुणला. आपण आज विमान नुसतं चालवणार नाही, तर फार सुंदर चालवणार, असं त्याला मनापासून वाटलं. कालिंदीने त्याच्याकडे वळून पाहिलं. लग्नात पाहिलेला हसरा माणूस परत आल्यासारखा वाटून तिचे डोळे भरून आले. तो कशाने परत आलाय ते तिला अजून कळायचं होतं.

क्लबाची एक पत्र्याची शेड, एक धावपट्टी आणि एक पांढरं विमान होतं. तपासनीस दिल्लीहून आलेले, बोलणं कमी. यंत्र काकासाहेबांच्या ताब्यात होतं. काकासाहेब अन्वा गावचे, पलटणीतल्या दवाखान्यात नोकरी करून आलेले. त्यांनी नळी पुढे केली, मधुसूदनने छाती भरून फुंकली आणि यंत्र किंचाळलं.

काकासाहेबांनी आकडा पाहिला, मधुसूदनकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणून विचारलं, "साहेब, राती कुठं बसले होते का?"

मधुसूदनला पहिल्यांदा प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा त्याने दोन्ही हात जोडले. तो दारू पीत नाही, कधीच प्यायला नाही, महिनाभर टूथपेस्टसुद्धा लावली नाही, असं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. काकासाहेब म्हणाले, की सगळे असंच सांगतात, टूथपेस्टचं तेवढं नवीन आहे. नियमाप्रमाणे चूळ भरून, थोडा वेळ बसून पुन्हा एकदा फुंकायची मुभा होती. दुसऱ्यांदा शून्य आलं तर पहिलं माफ.

तो निंबाखालच्या बाकावर येऊन बसला. भीतीने पोटात गोळा आला होता. कालिंदी पाणी आणायला शेडकडे गेली आणि नाना जावयाच्या शेजारी येऊन बसले. यंत्र बिघडलंय ह्याविषयी त्यांच्या मनात शंकाच नव्हती. आता काळजी होती ती जावयाच्या पोटाची. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, धीर दिला आणि झाकण भरलं. एकाने गोळा विरघळेना, म्हणून दुसरं भरलं, आणि जावयाला संकोच नको म्हणून दर खेपेला आपणही दोन-दोन घेतली.

दुसऱ्या खेपेला यंत्र आधीपेक्षा जास्त वेळ किंचाळलं.

"कमी झालेला लई वेळा पाहिलाय," काकासाहेब म्हणाले. "बसल्या बसल्या वाढलेला पहिल्यांदाच पाहू राहिलो."

तपासनीस कागद काढायला लागले तसे नाना उभे राहिले. जन्मभर मोर्च्यांपुढे चाललेला माणूस. त्यांनी बाराखडी म्हणायला लावल्याच्या आवाजात सांगितलं, की हे यंत्र खोटं आहे, हा मुलगा निर्व्यसनी आहे, आणि हे सिद्ध करायला मी स्वतः फुंकतो. मी श्रीनिवास दत्तात्रेय पैठणकर, दारूबंदी समितीचा अध्यक्ष, उभ्या आयुष्यात थेंब घेतला नाही. माझ्या तोंडाला ह्या यंत्राने काय आकडा दाखवायचा तो दाखवावा. तपासनिसांना मराठी येत नव्हतं, पण म्हाताऱ्याला गप्प करायचा हाच एक उपाय आहे हे त्यांना कळलं आणि त्यांनी मान हलवली.

नानांनी फुंकलं. आकडा जावयाच्या आकड्याला मागे टाकून गेला.

काकासाहेबांनी नानांच्या पिशवीतली बाटली अलगद उचलली, झाकण काढून हुंगली आणि डोळे मिटले.

"गुरुजी," ते म्हणाले, "हे आमच्या पलटणीत असतं तर रमला कोणी विचारलं नसतं. कणगीत पुरून काढलेलं दिसतंय."

नाना खाली बसले. त्यांना कुणी ढकललं नव्हतं, पण पडल्यासारखे बसले. तीस वर्षं रोज रात्री, म्हणजे उपोषणाच्या आदल्या रात्रीसुद्धा, आणि दुकान उठलं त्या विजयाच्या रात्री तर दोन झाकणं. त्यांच्या डोळ्यांपुढून सगळे मोर्चे गेले असावेत. माणसाचं वाईट व्हायचं तर ते परक्याच्या हातून होत नाही, घरच्यांच्या हातून तूप लावून होतं, असं माझं पहिल्यापासूनचं म्हणणं आहे. त्या सकाळी माळावर ह्याचे दोन पुरावे शेजारी शेजारी बसले होते.

आता शिक्षेची वेळ आली आणि घोटाळा उभा राहिला. पहिल्या गुन्ह्याला तीन महिने लायसन्स निलंबित, असा नियम. तपासनीस भरायला बसले तर लायसन्स मुदतबाह्य. जे चालूच नाही ते बंद कसं करायचं? त्यांनी दिल्लीला फोन लावला. तिकडच्या माणसाने त्याच्या वरच्याला विचारलं. बराच वेळ फोन कानाला धरून झाल्यावर तपासनिसांनी सांगितलं, की प्रकरण वर पाठवावं लागेल, आज उड्डाण होणार नाही. मग ते काकासाहेबांना घेऊन लेणी बघायला निघून गेले.

मधुसूदन विमानाजवळ जाऊन उभा राहिला. दार उघडं होतं, डावीकडची खुर्ची दिसत होती. तीच त्याची जागा. हात लांब केला असता तर पंखाला लागला असता, पण हात लावायचा नाही असा नियम होता आणि तो नियमाने वागणारा माणूस होता. त्याला रडू आलं. कालिंदी त्याच्या मागे येऊन थांबली. तो वळून म्हणाला, "चल. तूच चालव."

नाना पैठणला जायला तयार होईनात. बायकोला कुठल्या तोंडाने सांगू, म्हणून सिडकोतच बसून राहिले. दुसऱ्या दिवशी एस.टी.ने अंबिकाबाईच आल्या. नानांनी त्यांना समोर बसवून, मुलीच्या वैधव्याची बातमी द्यावी तशा आवाजात सांगितलं, की तुझ्या आसवात दारू निघाली.

"निघणारच," अंबिकाबाई म्हणाल्या.

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"वैद्याची लेक आहे मी. आबा काय उगाच झाकण मोजून द्यायचे? आसव चढतं. मुरलेलं तर लईच चढतं."

"मग मला तीस वर्षं..."

"लग्नानंतर पहिल्या वर्षी शाळेतून यायचे ते डोक्यात राख घालून. दोन वेळा भरलं ताट अंगणात फेकलं तुम्ही. मी झाकण सुरू केलं. त्यानंतर ताट कधी फेकलंत का, सांगा?"

नानांना आठवलं नाही, कारण फेकलंच नव्हतं. अंबिकाबाईंनी मग जावयाकडे मोर्चा वळवला, आवाज मऊ केला आणि सांगितलं, की रात्री एक म्हणाले होते, रस्त्याने बाटली संपवा असं मी म्हणाले नव्हते. हे इतकं खरं होतं की मधुसूदनला राग धरायलाही जागा राहिली नाही.

मित्राने धरलेली जागा आठवड्याभरात गेली. परीक्षांची मुदत संपली. मेडिकल संपलं. सगळे कागद एकामागून एक शांतपणे मेले आणि मधुसूदन पुन्हा नटबोल्ट काढून द्यायला लागला. पाटी काढायची म्हणून पेचकस घेऊन तो दोनदा दारात गेला आणि स्क्रू गंजलेत म्हणून परत आला.

मग दिल्लीचा निर्णय आला. कालिंदीने तो मोबाइलवर दोनदा वाचला आणि तिला हसावं की रडावं ते कळेना. झालेल्या गुन्ह्याला शिक्षा तर झालीच पाहिजे, आणि मेलेल्या लायसन्सला शिक्षा देता येत नाही. तेव्हा निलंबनाच्या कामापुरतं मधुसूदनचं लायसन्स तीन महिन्यांसाठी पुन्हा चालू करण्यात येत होतं, आणि ते तीन महिने ते निलंबित राहणार होतं. त्यानंतर ते आपोआप मुदतबाह्य होईल.

मधुसूदनने तीन वेळा विचारलं, "चालू म्हटलंय ना?"

"चालू म्हटलंय," कालिंदी म्हणाली. "पण बंद आहे."

दीड वर्ष मेहनत करून जे झालं नव्हतं ते सासूबाईंच्या आसवाने करून दाखवलं होतं. नानांना फोनवर ही बातमी सांगितली तेव्हा ते मुख्याध्यापकाच्या जुन्या आवाजात म्हणाले, "मधुसूदनराव, सस्पेंड व्हायला माणूस हुद्द्यावर असावा लागतो. ऐऱ्यागैऱ्याला कोण सस्पेंड करतं?"

हे मधुसूदनच्या मनाला लागलं, चांगल्या अर्थाने. ते तीन महिने त्याने काटेकोरपणे काढले. कडुनिंबाची काडी पुन्हा सुरू केली. सॅनिटायझर समोर आला की हात मागे. कारखान्यात कुणी विचारलं तर तो सांगायचा, की सध्या माझं लायसन्स निलंबित आहे, आणि सांगताना त्याची मान ताठ असायची. पाटीखालून जाताना तो आता वर बघायचा. फक्त आत कुठेतरी त्याला माहीत होतं, की हे तीन महिने म्हणजे दिवा विझण्याआधी मोठा होतो, तेवढेच. तिकडे पैठणला नानांनी आसव सोडलं होतं. त्यांना झोप येईना, आणि एका संध्याकाळी भरलं ताट अंगणात जाऊन पडलं.

मुदत संपली त्या दिवशी मधुसूदन कामावरून लवकर आला. पेचकस घेतला आणि ह्या वेळी स्क्रू निघाले. पाटी घेऊन तो गच्चीवर जाऊन बसला. थोड्या वेळाने जिन्यात पावलं वाजली. नाना आणि अंबिकाबाई पैठणहून आले होते. अंबिकाबाई खालीच थांबल्या, नाना एकटे वर आले. त्यांच्या हातात पिशवी होती. शेजारी बसले, पिशवीतून बाटली काढली आणि ठेवायला सपाट जागा दिसेना म्हणून पाटीवरच ठेवली, 'कॅप्टन'च्या बरोबर वर.

चिकलठाण्याच्या विमानतळाकडे संध्याकाळचं विमान उतरत होतं. दिवे लावून, पोट खाली करून, अगदी सरळ रेषेत. मधुसूदन ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहिला.

"चांगलं उतरवलं का त्यानं?" नानांनी विचारलं.

"चांगलं उतरवलं."

नानांनी झाकण भरून जावयापुढे धरलं. "घ्या. आजपासून तुम्हाला कोणी फुंकायला लावणार नाही."

मधुसूदनने ते घेतलं. मग नानांनी जिन्याकडे एकदा पाहिलं आणि स्वतःसाठी भरलं. खालून अंबिकाबाईंचा आवाज आला, "एकच बरं का."

जुन्या सवयीने मधुसूदनने तळहात तोंडापुढे धरून फुंकर मारली आणि तो हात सासऱ्यांच्या नाकापुढे नेला. नानांनी नीट हुंगून पाहिलं.

"येतोय वास," ते म्हणाले.

"येऊ द्या," मधुसूदन म्हणाला आणि झाकण पुन्हा पुढे केलं.